तारांकित : संसदेच्या सामान्य दिवसाचा इतिहास

संसदेचा इतिहास म्हटले की प्रथम आठवतात ते तिचे मोठे दिवस. 14 ऑगस्ट 1947 ची मध्यरात्र, अविश्वासाच्या ठरावांवरील वादळी चर्चा, 1999 साली एका मताने कोसळलेले सरकार. चरित्रे, आठवणी आणि पाठ्यपुस्तके यांची गुजराण बहुतांशी अशाच दिवसांवर होते. परंतु पहिल्या लोकसभेच्या पाच वर्षांत 677 बैठकी झाल्या आणि त्यांतल्या दहा-पंधरा बैठकीही आज कोणाच्या स्मरणात असतील असे वाटत नाही. उरलेल्या साडेसहाशे दिवसांत संसद काय करीत होती? प्रश्न विचारीत होती, उत्तरे ऐकत होती, अहवाल पटलावर ठेवून घेत होती, विधेयकांच्या कलमांवर एकेक करून मत देत होती. या नित्यकर्माकडे राज्यशास्त्राचे अभ्यासक अधूनमधून पाहतात; साहित्याचे अभ्यासक मात्र सहसा फिरकत नाहीत. वास्तविक हे सारे कर्म भाषेतून चालणारे आहे. त्याची एक संहिता आहे, तिचे संकेत आहेत, आणि त्या संकेतांना इतिहासही आहे. सत्तेला संसद नकोशी झाली तेव्हा तिने आधी या संकेतांनाच हात घातला, हे त्या इतिहासातून दिसते.

प्रथम दिनक्रम पाहू. लोकसभेचे कामकाज सकाळी अकराला सुरू होते आणि पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. त्यानंतर मंत्री आपापल्या खात्यांचे अहवाल, अधिसूचना आणि नियम सभापटलावर ठेवतात. बाराच्या सुमारास तो प्रसिद्ध शून्य प्रहर येतो. या शब्दाला नियमपुस्तिकेत स्थान नाही, तो साठच्या दशकात वृत्तपत्रांनी रूढ केला. पुढे विधेयके, अनुदानाच्या मागण्या, लक्षवेधी सूचना, आणि शुक्रवारी दुपारी खासगी सदस्यांचे कामकाज. हा क्रम इतका ठरलेला आहे की प्रेक्षक-कक्षात बसलेल्या पाहुण्याला तासाभरात कंटाळा यावा. या कंटाळवाण्या क्रमातला पहिला तास मात्र मिळवण्यासाठी तीन दशके लागली.

1861 च्या कायद्याने बनलेल्या कौन्सिलांत सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकारच नव्हता. तो 1892 च्या कायद्याने मिळाला आणि 1893 मध्ये केंद्रीय कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला गेला. दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांना शिधासामग्री पुरवताना खेड्यांतील दुकानदारांना जो त्रास होतो, त्याविषयी तो प्रश्न होता आणि भिनग्याच्या राजांनी तो विचारला होता. हिंदुस्थानातील संसदीय प्रश्नाचा जन्म असा स्वराज्याच्या घोषणेतून न होता वाण्याच्या दुकानातल्या गाऱ्हाण्यातून झाला. उत्तर मिळाल्यावर सभासदाने खाली बसावे, अशी तेव्हाची रीत होती. गोपाळ कृष्ण गोखले 1902 मध्ये केंद्रीय कौन्सिलात गेले, तेव्हाही अंदाजपत्रकावर बोलता येई, पण उत्तरातून निघालेला दुसरा प्रश्न विचारता येत नसे. हा पूरक प्रश्नाचा अधिकार मूळ प्रश्नकर्त्यापुरता 1909 च्या सुधारणांनी दिला आणि 1919 च्या सुधारणांनी तो सर्व सभासदांना मिळाला. बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठी राखण्याची प्रथा 1921 पासूनची आहे.

पूरक प्रश्नाचे महत्त्व येथे ध्यानात घेतले पाहिजे. मूळ प्रश्न किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. त्याचे उत्तर खात्यातील अधिकारी लिहितात आणि मंत्री वाचतात. ते एक तयार गद्य असते. पूरक प्रश्न आला की मंत्र्याला त्या कागदाच्या बाहेर यावे लागते. म्हणूनच ज्याचे तोंडी उत्तर हवे, म्हणजे ज्यावर पूरक प्रश्न विचारता येतील, असा प्रश्न वेगळा ओळखता यावा यासाठी त्याच्यापुढे एक तारा छापतात. असे वीस तारांकित प्रश्न रोजच्या यादीत असतात आणि त्यांतले बहुधा चार-सहाच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. लेखी उत्तराचे अतारांकित प्रश्न 230 पर्यंत असतात. कोणाचा प्रश्न कितवा, हे सोडतीने ठरते.

या प्रश्नाच्या लेखनाचे नियम तर साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावेत असे आहेत. प्रश्न दीडशे शब्दांहून मोठा नसावा. त्यात युक्तिवाद नसावा, अनुमान नसावे, उपरोध नसावा, हेत्वारोप नसावा, विशेषणांची पखरण नसावी. अलंकारशास्त्राने जे जे कौतुकाने सांगितले, ते बहुतेक सारे येथे वर्ज्य आहे! प्रथमदर्शनी वाटते की अशा निर्जीव वाक्यातून काय निष्पन्न होणार? पण या निःसंगपणातच प्रश्नाची ताकद आहे. उपरोधाला उत्तर म्हणून उपरोध करता येतो, आरोपाला प्रत्यारोपाने टोलवता येते. ‘अमुक रक्कम अमुक तारखेला अमुक कंपनीत गुंतवली हे खरे आहे काय?’ या वाक्याला मात्र हो किंवा नाही, यांपैकी काहीतरी म्हणावेच लागते.

मुंदडा प्रकरण हे याचे उत्तम उदाहरण. आयुर्विमा महामंडळ सप्टेंबर 1956 मध्ये स्थापन झाले. जून 1957 मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. सप्टेंबर 1957 मध्ये लोकसभेत याविषयी प्रश्न आला, तेव्हा मिळालेले उत्तर मोघम होते. नोव्हेंबरात प्रश्न पुन्हा आला, पूरक प्रश्न झाले, उत्तरांतील फटी दिसू लागल्या. 16 डिसेंबर 1957 रोजी फिरोज गांधी यांनी सभागृहात या व्यवहाराची जी चिरफाड केली ती आज सर्वांना माहीत आहे. ते स्वतः सत्ताधारी पक्षाचे सदस्य आणि पंतप्रधानांचे जावई होते. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांची एकसदस्य चौकशी मुंबईत उघडपणे झाली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. इतिहासाने फिरोज गांधींचे भाषण लक्षात ठेवले, ते योग्यच आहे. पण ते भाषण उभे राहिले त्याचा पाया दोन अधिवेशनांतील आधीच्या त्या कोरड्या प्रश्नोत्तरांनी घातला होता.

उत्तराच्या भाषेचाही असाच विचार लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळात झाला. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले मावळंकर हे गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. त्यांच्या कारकिर्दीत डिसेंबर 1953 मध्ये सरकारी आश्वासनांवर देखरेख करणारी समिती स्थापन झाली. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाला कळवण्यात येईल’ ही वाक्ये आपण सरकारी भाषेचे विडंबन करताना वापरतो. या समितीने मात्र त्यांना गंभीरपणे घेतले. अशा वाक्यप्रकारांची एक यादीच करण्यात आली. त्यांतले वाक्य मंत्र्याच्या तोंडून निघाले की ते आश्वासन म्हणून नोंदवायचे आणि तीन महिन्यांत पुरे झाले की नाही ते तपासायचे, असा नियम झाला. आश्वासने वर्षानुवर्षे लोंबकळत राहतात, हेही खरे. तरीही बोलण्यातून निसटण्यासाठी वापरलेल्या वाक्यालाच बंधन मानावे, यामागे भाषेवरचा जो विश्वास आहे तो सामान्य नव्हे.

या संहितेत ताऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. एखादा शब्द असभ्य, बदनामीकारक किंवा सभागृहाला न शोभणारा वाटला तर पीठासीन अधिकारी तो वृत्तांतातून काढून टाकू शकतात. अशा जागी तारे छापतात आणि तळटीप देतात की, अध्यक्षांच्या आदेशानुसार वगळले. म्हणजे ज्या चिन्हाने उत्तर मागितले जाते, त्याच चिन्हाने मौनही दर्शवले जाते. संसदेचा वृत्तांत वाचताना हे दोन्ही तारे वाचता आले पाहिजेत. वगळलेल्याची जागा निदान दाखवली जाते, ही या वृत्तांताची सचोटी म्हणावी लागेल. सगळ्यांत वाईट काळ आला तो अशी जागाही न उरल्याचा.

26 जून 1975 च्या सकाळी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र आणि राजापूरचे खासदार मधु दंडवते यांना बंगळूर येथे अटक झाली. हे चौघे तेथे कशासाठी गेले होते? सभेसाठी नव्हे, मोर्चासाठी नव्हे. पक्षांतराला आळा घालणाऱ्या विधेयकाचा विचार करणाऱ्या संयुक्त समितीच्या बैठकीला, म्हणजे संसदेच्या अगदी नित्याच्या कामाला ते गेले होते. 21 जुलै रोजी लोकसभा भरली तेव्हा अनेक विरोधी सदस्य तुरुंगात होते. त्या अधिवेशनात केवळ सरकारी कामकाज होईल असा प्रस्ताव संमत करून प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि खासगी सदस्यांचे कामकाज ही सारी दारे बंद करण्यात आली. भाषणांवर बंदी नव्हती. सदस्य उभे राहून निषेध करू शकत होते आणि काहींनी तो केलाही. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण असल्यामुळे तो निषेध सभागृहाच्या भिंतींबाहेर जाणार नव्हता. 1962 आणि 1971 च्या युद्धांच्या वेळीही प्रश्नोत्तराचा तास काही काळ झाला नव्हता. या वेळी शत्रू सीमेवर नव्हता.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. संसदेच्या कामकाजाचे प्रामाणिक वृत्त छापणाऱ्या वृत्तपत्राला संरक्षण देणारा कायदा 1956 साली झाला होता. तो खासगी सदस्याच्या विधेयकातून आला होता आणि ते सदस्य होते फिरोज गांधी. डिसेंबर 1975 मध्ये वटहुकूम काढून आणि पुढे 1976 मध्ये कायदा करून तो रद्द करण्यात आला. फिरोज गांधी 1960 मध्येच निवर्तले होते. रद्द करणाऱ्या सरकारच्या प्रमुख इंदिरा गांधी होत्या. यातील कौटुंबिक योगायोगावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. शुक्रवारच्या दुपारी, बाके निम्मी रिकामी असताना चर्चिल्या जाणाऱ्या खासगी विधेयकांतून किती मोलाची गोष्ट हाती लागू शकते, हे मात्र त्यातून कळते. 1977 नंतर हा कायदा पुन्हा करण्यात आला आणि 44 व्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला राज्यघटनेत स्थान मिळाले.

आणीबाणीतील लोकसभेत अहमदाबादचे अपक्ष खासदार पुरुषोत्तम गणेश मावळंकर होते. ते सभापती मावळंकरांचे पुत्र. त्या काळात त्यांनी सभागृहात केलेली विरोधाची भाषणे पुढे पुस्तकरूपाने आली. पुस्तकाचे नाव ‘नो, सर’. प्रश्नाला नकारार्थी उत्तर देताना मंत्री वृत्तांताच्या पानोपानी जे दोन शब्द उच्चारतात, तेच हे शब्द. पित्याने जी रीत घडवली तिचेच नित्याचे शब्द पुत्राने उलट दिशेने वापरले. पुण्याचे मधु लिमये बिहारमधून लोकसभेवर निवडून गेलेले आणि नियमपुस्तिकेचा शस्त्रासारखा उपयोग करणारे संसदपटू. लोकसभेची मुदत वाढवण्यात आली तेव्हा लोकांनी दिलेली पाच वर्षे संपली, असे म्हणून त्यांनी तुरुंगातूनच सदस्यत्वाचा राजीनामा दिला. ज्याने नियमांत आयुष्य घालवले त्याला नियमाची मर्यादा कोठे संपते हेही नेमके ठाऊक होते.

या नित्यकर्माचे गोडवे गाताना त्याचे हीण विसरता कामा नये. डिसेंबर 2005 मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांतील मिळून अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून जाण्यात तर कोणताच पक्ष मागे नाही. बैठकीही घटत गेल्या; 2019 ते 2024 या सतराव्या लोकसभेच्या बैठकी 274 भरल्या. सप्टेंबर 2020 मध्ये साथीच्या कारणाने झालेल्या लहान अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला. लेखी उत्तरे तेवढी राहिली. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, या प्रश्नाला तेव्हा लेखी उत्तर आले की, अशी माहिती ठेवली जात नाही. तास असता तर त्यावर कोणीतरी उठून ‘का ठेवली जात नाही?’ असे विचारले असते. तो पूरक प्रश्न विचारला गेला नाही. तरीही ते एक वाक्य वृत्तांतात कायमचे राहिले, सरकारच्याच शब्दांत.

सप्टेंबर 2023 पासून संसद नव्या इमारतीत भरते. जुन्या वर्तुळाकार वास्तूतील 1927 पासूनच्या दिवसांचे जे उरले आहे ते वृत्तांताच्या खंडांत. आपल्या विद्यापीठांत आपण रोजनिशी, पत्रे, बखरी यांना वाङ्मयीन अभ्यासाचा विषय मानले. या खंडांनाही तो मान मिळायला हरकत नसावी. त्यांत शैली शोधणाऱ्याची निराशा होईल. परंतु माणसे सत्तेला उत्तर द्यायला भाग पाडण्यासाठी भाषेला किती शिस्त लावू शकतात, हे ज्याला पाहायचे आहे, त्याने एखादा सामान्य दिवस निवडावा, ज्या दिवशी काहीच घडले नाही असा, आणि त्यातील पहिल्या ताऱ्यापासून वाचायला सुरुवात करावी.