बोट लागते तेव्हा : डोलणारं जहाज सावरण्याचा इतिहास

मराठीत आपण ‘बोट लागली’ म्हणतो. ऊन लागावं, दृष्ट लागावी, तशी बोट लागते. समुद्र हुद्दा बघत नाही. सुभेदारसाहेब असोत, नवा रंगरूट असो की सुट्टीवरून परतणारा डॉक्टर, चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम्) निघालेल्या जहाजावर दुसऱ्या दिवशी सगळे एकाच रांगेत कठड्याला धरून उभे असतात. अंतर सुमारे १२०० किलोमीटर, प्रवास साधारण तीन दिवसांचा. अंदमानातल्या पोस्टिंगमध्ये विमानाचं तिकीट नेहमी मिळतंच असं नाही, आणि खालच्या निकोबार बेटांवर जायचं तर जहाजाला फारसा पर्याय नसतो.

तेव्हा माझ्या जवानांनी एक साधा प्रश्न विचारला होता : “साहेब, माणूस चंद्रावर जाऊन आला, मग हे जहाज डोलायचं का थांबत नाही?” प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधताना दीडशे वर्षांचा मोठा मजेदार इतिहास हाती लागला. तो आज सांगतो.

सुरुवात आपल्या घरापासून करू. रत्नागिरी-मालवणकडच्या लहान होड्यांना बाजूला आडवे दांडे बांधून त्यांच्या टोकाला एक ओंडका तरंगत ठेवलेला असतो. त्याला आपल्याकडे उलांडी म्हणतात. होडी त्या बाजूला कलू लागली की ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पाणी त्याला वर ढकलतं. उलट बाजूला कलली की ओंडक्याचं वजन तिला परत ओढतं. निकोबारी लोकांच्या होडीलाही एका बाजूला अशीच उलांडी असते, आणि गंमत म्हणजे बेटांवर तिला ‘होडी’च म्हणतात. ना मोटर, ना वीज, ना दुरुस्तीचं बिल. जगातला हा सगळ्यात जुना स्टॅबिलायझर.

पण उलांडी दहा-वीस फुटांच्या होडीला शोभते. हजार माणसं आणि महिन्याचं रेशन नेणाऱ्या जहाजाला ती लावली तर धक्क्याला लागायचं कसं? मोठ्या जहाजाला आपलं डोलणं पोटातच आवरावं लागतं. लाकडी गलबतांत तळाशी दगडांचं नीरम भरत आणि वर शिडं असत. वाऱ्याने फुगलेलं शीड जहाजाला एका बाजूला टेकवून धरतं, त्यामुळे ते सारखं हेलकावत नाही. एकोणिसाव्या शतकात वाफेची इंजिनं आली, शिडं उतरली आणि जहाजं मोकळी डोलू लागली.

याच काळात इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड नावाचा इंजिनियर होता. मुळात रेल्वेचा माणूस. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज समुद्रात कसं वागेल, याचा विचार करायला ब्रुनेलने त्याला सांगितलं, आणि फ्रूडने त्या प्रश्नाला उरलेलं आयुष्य दिलं. १८६१ मध्ये त्याने जहाजांच्या डोलण्यावर आपला निबंध वाचला. त्याचं सार फौजी माणसाला लगेच कळेल.

१८३१ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉटन इथल्या झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी कदम मिळवून चालली होती. पावलांची लय पुलाच्या स्वतःच्या लयीशी जुळली आणि पूल कोसळला. तेव्हापासून पुलावर कदम तोडून चालायचं, हा नियम पडला. फ्रूडचं म्हणणं हेच होतं. प्रत्येक जहाजाला डोलण्याची स्वतःची लय असते. लाटांची लय तिच्याशी जुळली, की लहान लाटाही झोपाळ्याला झोके द्यावेत तसं जहाजाला वाढत्या कोनात झुलवतात. लाट किती उंच यापेक्षा ती किती वेळाने येते, हे जास्त महत्त्वाचं.

मग जहाज अगदी ताठ का बांधू नये? इथेच खरी मेख आहे. ज्या जहाजाला सरळ होण्याची फार घाई असते, ते झटके देत डोलतं. माणसं पडतात, सामान सुटतं, तोफेचा नेम लागत नाही. ज्याला घाई कमी, ते संथ डोलतं. प्रवासी खूश, पण जास्त कललं तर परत येण्याची ताकद कमी. त्या ताकदीकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, ते १८७० च्या सप्टेंबरात दिसलं. ब्रिटिश नौदलाचं ‘कॅप्टन’ हे नवं युद्धजहाज स्पेनच्या किनाऱ्याजवळ रात्रीच्या वादळात उलटलं. पाण्यावर त्याची कड बुटकी होती आणि वर शिडांचा भार मोठा. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली. ज्याच्या कल्पनेतून ते जहाज उभं राहिलं, तो कॅप्टन काउपर कोल्सही त्यांत होता.

पुढे फ्रूडने ‘ग्रेहाउंड’ या नौदलाच्या जहाजावर प्रयोग केले. पोटाच्या दोन्ही गोलाईंना लांबीच्या दिशेने अरुंद पट्ट्या ठोकल्या. जहाज डोलू लागलं की या पट्ट्या पाणी ढवळतात आणि डोलण्याची ताकद त्या भोवऱ्यांत खर्च होते. यांना बिल्ज कील म्हणतात. आज तुम्ही सुक्या गोदीत कुठलंही मोठं जहाज पाहा, पोटाला या पट्ट्या दिसतीलच. १८७९ मध्ये फ्रूड दक्षिण आफ्रिकेत सायमन्सटाउनला वारला आणि तिथेच त्याला दफन केलं.

सगळेच फ्रूडइतके शहाणे नव्हते. पोलाद बनवण्याची पद्धत काढणारे हेन्री बेसेमर यांना बोट फार लागायची. त्यांनी ठरवलं, जहाज डोलू दे, आपला दिवाणखाना स्थिर राहिला की झालं! ‘बेसेमर’ नावाच्या जहाजात त्यांनी झुलता दिवाणखाना बसवला. एक माणूस पातळीची नळी बघत बसणार आणि पाण्याच्या दाबावरच्या यंत्राने खोली सरळ ठेवणार. १८७५ च्या मे महिन्यात जहाज इंग्लिश खाडी ओलांडून कॅले बंदरात शिरलं ते थेट धक्क्यावर आदळलं. दिवाणखाना त्या दिवशी कुलूपबंदच होता. धक्क्याचं नुकसान झालं आणि योजना बुडाली. या फजितीत पुढे येणाऱ्या एका प्रश्नाची चाहूल आहे : भर समुद्रात सावरणं वेगळं आणि बंदरात हळू चालताना जहाज हातात असणं वेगळं.

यानंतर तीन वाटा निघाल्या.

पहिली पाण्याची. जहाजाच्या दोन बाजूंना टाक्या, मध्ये जोडणारा मार्ग. जहाज डावीकडे कलतं तेव्हा पाणी उशिरा, म्हणजे नेमकं उलट्या वेळी, उजवीकडे पोचलेलं असावं. ब्रिटनच्या फिलिप वॉट्सने ‘इन्फ्लेक्सिबल’ या युद्धजहाजावर हा प्रयोग केला, आणि १९१० च्या सुमारास हॅम्बुर्गच्या हेरमान फ्राम याने इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या टाक्या बनवून तो नीट वळणावर आणला.

दुसरी वाट भोवऱ्याची. जोरात फिरणारं जड चाक आपला आस सहजासहजी बदलू देत नाही. जर्मनीच्या ओटो श्लिकने १९०६ मध्ये ‘झीबेअर’ या जुन्या टॉर्पेडो बोटीवर असं चाक बसवलं आणि तिचं डोलणं काही अंशांपुरतं उरलं. अमेरिकेच्या एल्मर स्पेरीने त्यात भर घातली. कलण्याची चाहूल लागताच मोटर त्या चाकाला मुद्दाम झुकवायची. १९१७ मध्ये अमेरिकेच्या ‘हेंडरसन’ जहाजावर अशी दोन चाकं बसली, प्रत्येकी २५ टनांची. हे जहाज सैनिक नेणारं होतं, म्हणून मला त्याचं विशेष वाटतं. रणांगणावर उतरणारा शिपाई ओकून अर्धमेला झालेला असेल तर तो लढणार काय? १९३० च्या दशकात इटलीच्या ‘कोंते दी साव्होया’ या प्रवासी जहाजात तीन चाकं होती, प्रत्येक शंभर टनांहून जड. इतकं वजन आणि जागा मोठ्या जहाजांना परवडेना, आणि ही वाट मागे पडली.

तिसरी वाट पंखांची, आणि तीच जिंकली. धावत्या बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा जरा तिरपा केला की हात वर उचलला जातो. जहाजाच्या पोटातून दोन्ही बाजूंना असे पंख काढायचे. एक वर रेटणारा, दुसरा खाली. जपानच्या मोतोरा यांनी १९२० च्या दशकात ते करून दाखवले. स्कॉटलंडच्या डेनी आणि ब्राउन ब्रदर्स या कंपन्यांनी १९३६ मध्ये ‘आइल ऑफ सार्क’ या फेरीबोटीवर ते बसवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश युद्धनौकांवर ते तोफांचा नेम स्थिर राहावा म्हणून लागले, आणि युद्धानंतर प्रवाशांच्या सुखासाठी. १९५० मध्ये पी अँड ओ कंपनीचं ‘चुसान’ हे पंखवालं जहाज इंग्लंडहून पूर्वेकडच्या मार्गावर आलं. मुंबईकरांनी ते आपल्या बंदरात पाहिलं. युद्धात हजारो सैनिक वाहून नेणाऱ्या ‘क्वीन मेरी’ला मात्र हे पंख १९५८ मध्ये लागले. जवान उतरल्यावर!

पण पंखांची ताकद पाणी वाहण्यावर आहे. वेग निम्मा झाला की ताकद चौथाईवर येते, आणि जहाज थांबलं की पंख म्हणजे नुसती लोखंडाची फळी. हीच गत सुकाणूची. वेग नाही तर पकड नाही. म्हणून बंदरासाठी निराळी युक्ती निघाली. ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट श्नायडरने १९२० च्या दशकात उभी पाती गोल फिरवून हव्या त्या दिशेला रेटा देणारं यंत्र काढलं. पुढे १९५०-६० च्या दशकांत जहाजाच्या नाळेजवळ आरपार बोगदा काढून त्यात आडवा पंखा बसवण्याची पद्धत रूढ झाली. हाच बो थ्रस्टर. टगबोट नसली तरी जहाज आपलं तोंड आपणच धक्क्याकडे वळवू शकतं.

तो बसवताना तीन गोष्टी बघतात. बोगदा जितका पुढे, तितका तरफेसारखा जोर जास्त. तो पाण्याखाली पुरेसा खोल हवा, नाहीतर पंखा हवा ओढतो आणि नुसता आवाज करतो. आणि ताकद ठरवायची ती पाण्यावरचं जहाज वाऱ्याला किती अंग देतं त्यावरून, कारण भांडण वाऱ्याशी असतं. जहाज पुढे वेगाने जाऊ लागलं की थ्रस्टरचा जोर ओसरतो. तिथून पुढे सुकाणूचं राज्य.

आता आपल्या बेटांकडे या. लक्षद्वीपच्या बऱ्याच बेटांशी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर ते थांबतं आणि माणसं लहान बोटींत उतरतात. वर डोलणारं जहाज, खाली वरखाली होणारी बोट, आणि मध्ये एक पाऊल. त्या पावलावर कधी गरोदर बाई असते, कधी सलाइन लावलेला पेशंट, कधी पाठीवर सामान घेतलेला जवान. जहाज उभं आहे, म्हणजे साधे पंख निकामी. कामाला येतात त्या फ्रूडच्या पट्ट्या आणि फ्रामच्या टाक्या, कारण त्यांना वेग लागत नाही. अलीकडे श्लिकचं भोवरी चाकही निर्वात डब्यात बसून लहान बोटींवर परत आलं आहे, आणि उभ्या जहाजावर हलवून चालवायचे पंखही निघाले आहेत. प्रत्येकाची किंमत आहे. टाकी जहाजाची सरळ होण्याची ताकद थोडी खाते आणि तिची लय त्या जहाजाशी जुळवावी लागते. चाकाला वीज हवी, वेग धरायला वेळ हवा. पट्ट्या थोडा वेग खातात, पण बिघडत कधीच नाहीत; आणि जिथे सुटा भाग मुख्य भूमीवरून यायला पंधरवडा लागतो, तिथे न बिघडणं हा फार मोठा गुण आहे.

म्हणून जहाज निवडताना ‘ताशी किती मैल’ हा प्रश्न माझ्या मते दुसरा. पहिला प्रश्न : हे जहाज कुठे थांबणार, आणि तिथे शिडीवरून कोण उतरणार? उलांडी बांधणाऱ्या कोळ्याला हे न शिकवता माहीत होतं. त्याला मासे धरताना होडी उभीच करावी लागायची.

आता बेटांवर पहिल्यांदा पोस्टिंगवर निघालेल्या भावांसाठी चार गोष्टी. बर्थ मागताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा. जहाज झोपाळ्यासारखं झुलतं आणि झोपाळ्याची हालचाल टोकाला जास्त, मध्ये कमी. पोट अगदी रिकामं ठेवू नका, ठासून भरूही नका. मोबाइलमध्ये डोकं घालू नका. फारच वाटलं तर डेकवर येऊन क्षितिजाकडे नजर लावा. कान सांगतो हलतंय आणि डोळा सांगतो स्थिर आहे, या दोघांचं भांडण तेवढ्याने मिटतं. आणि शेजारचा नवा पोरगा कठड्याशी वाकलेला दिसला तर हसू नका, त्याला पाण्याची बाटली द्या. बोट सगळ्यांना लागते.

जय हिंद!