सभेविना झालेले विलीनीकरण : बँक ऑफ नागपूर, १९६१

मार्च १९६१ मध्ये नागपूरचे नाव धारण करणारी एक बँक इतिहासजमा झाली. ‘बँक ऑफ नागपूर’ पुण्याच्या ‘बँक ऑफ महाराष्ट्र’मध्ये विलीन झाली. दोन कंपन्या एक होणार म्हटले की भागधारकांची सभा, ठराव, मतदान आणि कंपनी निबंधकाकडे जाणारे दस्तऐवज हे सारे ओघाने येते. या विलीनीकरणाला मात्र भागधारकांच्या मताची आवश्यकताच नव्हती. हे कसे घडले, त्याविषयीचा हा थ्रेड.

बँकांच्या विलीनीकरणाचा राजमार्ग १९५० मध्ये आखला गेला. १९४९ च्या बँकिंग कंपनी कायद्यात त्या वर्षी कलम ४४-अ घालण्यात आले. इतर कंपन्यांना विलीनीकरणासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. बँकांच्या बाबतीत अंतिम मंजुरीचा अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आला.

या कलमातील कागदपत्रांचा क्रम मुळातून पाहण्याजोगा आहे. प्रथम योजनेचा मसुदा. तो दोन्ही बँकांच्या भागधारकांपुढे स्वतंत्र सभांत ठेवायचा. सभेची सूचना प्रत्येक भागधारकाला पाठवायचीच, शिवाय नोंदणीकृत कार्यालयाच्या परिसरात खपणाऱ्या किमान दोन वृत्तपत्रांत सलग तीन आठवडे, आठवड्यातून निदान एकदा, ती प्रसिद्ध करायची. त्यांपैकी एक वृत्तपत्र स्थानिक लोकांना समजणाऱ्या भाषेतले हवे. म्हणजे नागपुरातील बँकेला हा मार्ग धरायचा असता, तर मराठी वा हिंदी वृत्तपत्रातील जाहिरात हा निव्वळ शिष्टाचार न राहता विलीनीकरणाच्या वैधतेचा भाग झाला असता. कंपनी कायद्याच्या रुक्ष जंगलात लोकभाषेची अशी दखल सापडली की बरे वाटते.

सभेत उपस्थित असलेल्या, स्वतः वा प्रतिनिधीमार्फत, भागधारकांचे संख्येने बहुमत हवे आणि त्यांच्याकडे मूल्याने दोन तृतीयांश भाग हवेत. विरोध नोंदवणाऱ्याला आपल्या भागांची किंमत मागण्याचा हक्क. ती किंमत रिझर्व्ह बँक ठरवणार. मंजुरीनंतर आदेशाची प्रत कंपनी निबंधकाकडे जाते आणि विलीन झालेल्या बँकेचे नाव तो नोंदवहीतून कमी करतो. कंपनीचा मृत्यू नोंदवला जातो तो तेथे.

ही व्यवस्था धडधाकट बँकांसाठी उत्तम होती. आजारी बँकेचे काय? ज्या बँकेविषयी आधीच कुजबुज आहे, तिने ‘आम्ही दुसऱ्या बँकेत विलीन होत आहोत’ असे सलग तीन आठवडे छापले, तर पहिल्या आठवड्यातच ठेवी काढण्यासाठी झुंबड उडेल. भागधारकाचे रक्षण करणारी जाहिरातच ठेवीदाराच्या मुळावर यायची.

१९६० ने हा धोका प्रत्यक्ष दाखवला. त्या वर्षी विदर्भातच, अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. पाठोपाठ ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केरळातील पलाई सेंट्रल बँकेचा कारभार गुंडाळण्याची कार्यवाही सुरू झाली. देशभर ठेवीदार धास्तावले, संसदेत खडाजंगी झाली आणि सप्टेंबर १९६० मध्ये कायदा बदलला.

नव्या कलम ४५ चा क्रम अगदी उलटा होता. आधी दार बंद, मग चर्चा. रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केंद्र सरकार बँकेचे व्यवहार स्थगित करणार. ही स्थगिती जास्तीत जास्त सहा महिन्यांची. त्या मुदतीत योजनेचा मसुदा रिझर्व्ह बँक स्वतः करणार. तो संबंधित बँकांना सूचना व हरकतींसाठी पाठवायचा. भागधारक, ठेवीदार आणि इतर धनकोंनी काही सुचवले तर तेही विचारात घ्यायचे. पण सूचना करणे निराळे आणि मत देणे निराळे. केंद्र सरकारची मंजुरी मिळाली की योजना सर्वांवर बंधनकारक. तिची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायची, म्हणजे सभा झाली तर ती दिल्लीत, तीही निर्णयानंतर!

बँक ऑफ नागपूर याच कलमाखाली विलीन झाली. अशा विलीनीकरणांच्या पहिल्या तुकडीतली ती एक. त्याच वर्षी जूनमध्ये पूना इन्व्हेस्टर्स बँक सांगली बँकेत गेली, पुढे भारत इंडस्ट्रियल बँकही बँक ऑफ महाराष्ट्रमध्ये आली.

नागपूरकरांच्या दृष्टीने हा काळही विलक्षण होता. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी असलेले हे शहर आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. राजधानीपद गेले, आणि वर्ष उलटण्याआधी शहराच्या नावाची बँकही पुण्याकडे गेली. यात प्रादेशिक अन्याय शोधण्याचा मोह होऊ शकतो; पण पूना इन्व्हेस्टर्स बँकेलाही त्याच कलमाने गिळले, हे विसरता कामा नये.

ठेवीदारांना या कायद्याने अभय दिले होते असेही नव्हे. जनहितासाठी आवश्यक वाटेल तेवढी ठेवीदारांच्या हक्कांतही कपात करण्याची मुभा कलमात होती. कर्मचाऱ्यांची तरतूद तुलनेने उदार : सेवा जुन्याच अटींवर चालू राहणार आणि तीन वर्षांच्या आत वेतन नव्या बँकेतील समकक्ष कर्मचाऱ्यांइतके करावे लागणार. ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले ते १ जानेवारी १९६२ पासून, प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांपर्यंत. बँक ऑफ नागपूरच्या खातेदारांच्या वाट्याला ते आले नव्हते.

कलम ४४-अ मात्र मोडीत निघाले नाही. १९६१ मध्ये पूना इन्व्हेस्टर्स बँक सामावून घेणारी सांगली बँक २००७ मध्ये स्वतः आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा भागधारकांची सभा झाली आणि मतदानही झाले.