म्हाताऱ्या शिंपल्यांच्या नद्या

मोती म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नथ येते, बसऱ्याचे मोती येतात आणि स्वाती नक्षत्राचा थेंब येतो. पण ज्या देशात आपण संसार थाटले, त्याच्या नद्यांतही मोती मिळत, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

ज्युलियस सीझर मोत्यांच्या आशेने ब्रिटनवर चालून गेला, असं रोमन चरित्रकार स्यूटोनियस लिहितो. ब्रिटनच्या मोत्यांचं चिलखत सीझरने व्हीनस देवीला वाहिलं, अशी प्लिनीची नोंद आहे. पुढे स्कॉटलंडच्या टे, स्पे अशा नद्यांत फिरस्ती कुटुंबं उन्हाळ्यात मोती शोधत. पाण्यात उभं राहून तळाला काच लावलेल्या बादलीतून खाली पाहायचं आणि चिरलेल्या काठीच्या टोकात शिंपला पकडून वर काढायचा. १९६७ साली टे नदीत बिल अ‍ॅबरनेथी यांना सापडलेल्या मोत्याला २०२४च्या लिलावात ९०,००० पौंडांहून अधिक किंमत आली.

मोती मात्र क्वचितच एखाद्या शिंपल्यात असतो. जाणकार मंडळी चिमट्याने शिंपला किंचित उघडून पाहत आणि परत सोडत. हावरे सरसकट फोडत. नद्याच्या नद्या रिकाम्या झाल्या. अखेर १९९८ मध्ये हे शिंपले मारण्यावर आणि काढण्यावर कायद्याने पूर्ण बंदी आली.

तरीही ऱ्हास थांबला नाही. या शिंपल्याचं बाळ स्वातीच्या थेंबावर नव्हे, माशाच्या आधारावर जगतं. उन्हाळ्यात मादी लाखो सूक्ष्म पिलं पाण्यात सोडते. त्यांतली मोजकी सामन किंवा ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, तिथेच हिवाळा काढतात आणि वसंतात गळून तळाच्या खडीत शिरतात. तिथे काही वर्षं दडून वाढायचं. मासे घटले, किंवा शेतातली माती नि खतं वाहून येऊन खडीच्या फटी गाळाने बुजल्या, की पिलं गुदमरतात.

मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. हा शिंपला शंभर वर्षांहून अधिक जगतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात जन्मलेला एखादा आजही जिवंत असू शकेल. त्यामुळे नदी वरून भरलेली दिसते, पण मोजायला जावं तर सगळे म्हातारे. तरुण एकही नाही. परदेशातल्या कोणत्याही मंडळाला हे चित्र परकं वाटू नये. सभागृह भरलं म्हणजे पुढची पिढी आली, असं नसतं.

इंग्लंडमधली यांची सर्वांत मोठी वसाहत कंब्रियातल्या एहेन नदीत आहे. तिथून जवळच, विंडरमियरच्या काठी, फ्रेशवॉटर बायॉलॉजिकल असोसिएशनचे शास्त्रज्ञ टाक्यांमध्ये माशांच्या मदतीने पिलं वाढवतात. बंदीने म्हातारे वाचतात; पोरं जगायची तर नदीच निर्मळ करावी लागते.