दंतक्षय
दात किडण्याचा विकार. दातांवरच्या चिकट थरातील स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स व इतर जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच साधारण ५.५ खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. दातात किडा नसतो, तो काढून दाखवणारे मात्र आठवडी बाजारात भेटत आले आहेत. सुरुवातीचा खडूसारखा पांढरा डाग फ्लोराइडने भरून येऊ शकतो. खड्डा पडल्यावर कीड कोरून सिमेंट भरावे लागते. कीड मज्जेपर्यंत पोचली की रात्री ठणका लागतो. तेव्हा दाताखाली धरलेल्या लवंगेतील युजेनॉलने घटकाभर बधिरता येते, कीड तशीच राहते. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवल्यास हिरडी पोळते. रूट कॅनालमध्ये मज्जा काढून पोकळी बंद करतात व बहुधा दाताला टोपी बसवतात. तेही शक्य नसल्यास दात काढतात.