शर्यतीआधीचे पान

वर्तमानपत्रात एक मजकूर असा असतो की ज्याचे आयुष्य सकाळी सुरू होते आणि त्याच दिवशी संध्याकाळी संपते. संपताना तो बरोबर ठरला की चुकला, याचा निकालही लागलेला असतो. घोड्यांच्या शर्यतींचे पूर्वकथन हा तो मजकूर. शर्यतीचे अंतर, धावणाऱ्या घोड्यांची यादी, दोनचार ओळींचे विवेचन आणि शेवटी क्रमाने तीन नावे, एवढाच त्याचा ऐवज. साहित्याचे अभ्यासक या पानाकडे सहसा वळत नाहीत. आम्हांला मात्र वाटते की वाचन आणि निर्णय यांचा संबंध तपासायचा असेल, तर या पानाइतके उघडे उदाहरण क्वचित सापडेल.

घोडा पाहून भविष्य सांगण्याची रीत आपल्याकडे शर्यतींच्या कितीतरी आधीची आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्राच्या परंपरेत घोड्याची लक्षणे सांगितलेली असतात. अंगावरचे भोवरे कुठे आहेत, कपाळावर पांढरे आहे का, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी आहे का, यावरून घोडा धन्याला लाभेल की बुडवील हे ठरे. या परीक्षेत भविष्य घोड्याच्या अंगावरच लिहिलेले असते. घोडा काल कुठे आणि कसा धावला, हा प्रश्न तिथे दुय्यम असतो. मराठ्यांच्या स्वारीत भीमथडीच्या तट्टाची किंमत त्याच्या काटकपणावर होत होती हे खरे, पण तीही पंचक्रोशीच्या अनुभवातून आलेली, तोंडी चालणारी पारख होती.

मुंबईत हे बदलले ते इंग्रजी शर्यतींबरोबर. बॉम्बे टर्फ क्लबची स्थापना १८०२ सालची. शर्यती तेव्हा भायखळ्याला होत, आणि आखातातून गलबतांनी येणारे अरबी घोडे हे तिथले मोठे आकर्षण असे. १८८३ मध्ये शर्यतींचे मैदान महालक्ष्मीला आले. १९३५ मध्ये क्लबच्या नावामागे ‘रॉयल’ लागले. या साऱ्या काळात घोड्याभोवती एक नवे दप्तर उभे राहिले. त्याचा बाप कोण, आई कोण, मागच्या शर्यतीत कितवा आला, किती वजन घेऊन, किती अंतरावर, कोणत्या जॉकीखाली आणि कशा जमिनीवर, हे सगळे छापले जाऊ लागले. भोवऱ्यांच्या जागी आकडे आले. घोडा पाहण्याची गोष्ट होती, ती वाचण्याची झाली.

हे वाचन वाटते तितके सरळ नाही. हँडिकॅप शर्यतीत अधिकारी प्रत्येक घोड्याच्या मागच्या कामगिरीवरून त्याचे वजन ठरवतो. चांगल्याच्या पाठीवर जास्त, कमकुवताच्या पाठीवर कमी. सगळे घोडे एकाच वेळी खांबापाशी पोहोचावेत, हे त्याचे ध्येय. पूर्वकथन लिहिणारा म्हणून केवळ घोड्याचा इतिहास वाचत नाही. त्याच इतिहासाचे दुसऱ्या एका वाचकाने केलेले मूल्यमापन तो तपासतो आणि त्यातली चूक शोधतो. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर तो मूळ संहितेइतकाच तिच्या भाष्याशी वाद घालतो.

अशा वाचनाचे बळ आणि मर्यादा दाखवणारे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे आहे. १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली. ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने जिंकली. जॉकी होता एडगर ब्रिट. पुढे १९४५ मध्ये प्रतापसिंहराव गायकवाडांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनी मोजून घेतले. एवढ्या किमतीचे कारण वंशावळीत होते. त्या वर्षीची इंग्लिश डर्बी जिंकणाऱ्या दान्तेचा तो सख्खा भाऊ होता. महाराजांनी त्याचे नाव ठेवले सयाजीराव.

१९४७ च्या इंग्लिश डर्बीत सयाजीराव उतरला, तेव्हा चर्चा मात्र ट्यूडर मिन्स्ट्रेल या दुसऱ्याच घोड्याची होती. त्याने त्याआधी टू थाउजंड गिनीज ही एका मैलाची शर्यत आठ लांबींनी जिंकली होती, आणि सयाजीराव तीत तिसरा आला होता. आकडे वाचणाऱ्या बहुतेकांनी ट्यूडर मिन्स्ट्रेलला फेव्हरिट मानले. पण डर्बीचे अंतर दीड मैल. एका मैलाच्या झळाळत्या विजयातून दीड मैलाचा दम वाचता येत नाही. जिंकला तो पर्ल डायव्हर, ज्याचा भाव एकास चाळीस होता. सयाजीराव तिसरा आला आणि फेव्हरिट चौथा. त्याच वर्षी सप्टेंबरात, आणखी लांब अंतराच्या सेंट लेजर शर्यतीत, ब्रिटच्या हाताखाली सयाजीराव पहिला आला. दान्तेच्या भावाबद्दल वंशावळ जे सांगत होती ते खरे ठरले, पण त्यासाठी योग्य अंतराची वाट पाहावी लागली. पुरावा सगळा डोळ्यांपुढेच होता. प्रश्न होता, कोणता पुरावा कोणत्या प्रश्नाला लागू करायचा.

महालक्ष्मीच्या शर्यती सपाट मैदानावरच्या. अडथळ्यांवरून उड्या मारीत धावण्याची शर्यत ही मुळात आयर्लंड-इंग्लंडकडची. तिचा उगम १७५२ मध्ये आयर्लंडात दोन चर्चच्या मनोऱ्यांदरम्यान, वाटेतली कुंपणे आणि चर ओलांडीत लागलेल्या एका पैजेत सांगतात. तिथल्या पूर्वकथनकाराला एका गोष्टीचा हिशेब मांडताच येत नाही, ती म्हणजे दुसऱ्याचे पडणे. १९६७ च्या ग्रँड नॅशनलमध्ये तेविसाव्या अडथळ्यापाशी स्वार नसलेला एक घोडा आडवा आला, मागचे घोडे एकमेकांवर अडकले, आणि बराच मागे पडलेला फॉइनेव्हन बाजूने वाट काढून एकटा पुढे गेला. त्याचा भाव होता एकास शंभर. त्याआधी १९५६ मध्ये राजमातेचा डेव्हन लॉक हा घोडा सगळे अडथळे पार करून, विजय हाताशी आलेला असताना, मोकळ्या सपाट जमिनीवर अचानक पोटावर बसला. त्याचा जॉकी डिक फ्रान्सिस पुढे रहस्यकथाकार म्हणून जगभर गाजला. १९६२ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या कादंबरीचे नाव ‘डेड सर्ट’, म्हणजे रेसच्या भाषेत हमखास जिंकणारा घोडा. हमखास या शब्दाची किंमत त्याच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

आता वाचनाने ओळखता येते किती आणि निव्वळ योगायोग किती, हा प्रश्न आपल्याकडे थेट न्यायालयात गेला. १९५७ मध्ये मुंबई राज्य आणि चमारबागवाला यांच्यातल्या खटल्यात तो शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांबाबत उभा राहिला. त्या स्पर्धा जुगारात मोडतात असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. मात्र ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे, ते जुगार नव्हे, हा भेदही त्या सुमाराच्या निर्णयांत पक्का झाला. तामिळनाडूने शर्यतींवरील पैज बंद करण्यासाठी केलेल्या कायद्यावरचा निकाल जानेवारी १९९६ मध्ये लागला. घोड्याची पैदास, तालीम, जॉकीचे कसब आणि या सगळ्याचा अभ्यास यांमुळे शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे न्यायालयाने मानले. याचा अर्थ असा की शर्यत आणि मटका यांच्यामध्ये कायद्याने जी रेघ ओढली, ती या शर्यतीआधीच्या पानावर उभी आहे. वाचून ठरवता येते, म्हणून तो जुगार नाही. करआकारणीने मात्र ही रेघ फारशी मानलेली नाही. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, कॅसिनो आणि लॉटरीच्याच पंगतीत.

न्यायालयाने गृहीत धरलेला वाचक मात्र सगळीकडे सारखा नसतो. पॅडॉकमध्ये उभा असलेला मनुष्य घोड्याचा घाम, चाल, कान पाहतो आणि छापलेले आकडे त्याच्याशी ताडून बघतो. ट्रॉम्बे, चेंबूर किंवा मुलुंडच्या वाचकाला महालक्ष्मी म्हणजे निदान एकदा गाडी बदलण्याचे अंतर. जो तिथवर जातच नाही, त्याच्या वाट्याला घोडा येत नाही, फक्त त्याच्याविषयीचा मजकूर येतो. त्याच्यापाशी ताडून पाहायला दुसरे काही नाही. तीन नावे त्याला निष्कर्ष म्हणून मिळतात, आणि निष्कर्षामागचे ‘कदाचित’ छपाईत गळून जाते. पगाराचे पैसे लावणारा तो असतो. कौशल्य दुसऱ्याचे असते. कायद्याच्या दृष्टीने दोघांचा खेळ एकच. आमच्या मते पानावरच्या तिसऱ्या नावापर्यंत घाईने उतरणाऱ्या माणसापुरता तो मटक्याहून फारसा वेगळा राहत नाही.

१९१४ पासून भाडेपट्ट्यावर असलेल्या महालक्ष्मीच्या मैदानाची मुदत २०१३ मध्ये संपली. २०२४ च्या करारानुसार १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे गेली आणि ९१ एकर क्लबकडे राहिली. मैदान लहान झाले तरी शर्यतीआधीचे पान लिहिले जातच राहील. ते शिकवण्याच्या योग्यतेचे आहे, असे आम्हांला वाटते. चांगला पूर्वकथनकार आपला तर्क उघडा मांडतो. अंतर का महत्त्वाचे, वजन का जड, कोणता विजय फसवा, हे सांगतो, म्हणजे वाचकाला त्याच्याशी मतभेद करता येतो. वाईट पूर्वकथनकार फक्त नावे देतो. आपल्या वर्गांतून आणि परीक्षणांतून कवितांविषयी, कादंबऱ्यांविषयी जे निर्णय दिले जातात, त्यांतले किती पहिल्या जातीचे आणि किती दुसऱ्या, हे ज्याने त्याने तपासावे. आपल्या चुकीची झळ आपल्याला लागत नाही, हा समीक्षकाला मिळालेला मोठा फायदा आहे. शर्यतीच्या पानावर ती वाचकाला लागते, तीही त्याच संध्याकाळी.