वाचा, वाचा!

मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. भोपाळमधल्या आपल्याच एका गणेशोत्सवात मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेची व्यवस्था माझ्याकडे होती. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी लोकमान्यांवर बोलण्यास उभी राहिली. घरात मराठी आणि शाळेत, गल्लीत, बाजारात हिंदी, अशी आपल्या सर्वच मुलांची स्थिती. तिच्या तोंडून ‘लोकमान्य तिलक’ असे निघून गेले. मागून कोणीतरी ‘टिळक, टिळक’ अशी दुरुस्ती केली. थोडे हसू पिकले आणि तिचा आवाज खाली गेला. पहिल्या रांगेतून मी, अगदी सद्भावनेने, म्हणालो, ‘‘बाळ, मोठ्याने बोल. अजून मोठ्याने.’’ ती थांबली, हातातला कागद टेबलावर ठेवून खाली उतरली, आणि त्यानंतर आमच्या मंचावर पुन्हा कधी चढली नाही.

पुढे निवृत्तीनंतर गांधीजींची आत्मकथा नव्याने वाचावयास घेतली, तेव्हा १८९६ सालच्या मुंबईच्या सभेपाशी येऊन मी अडखळलो. प्रसंग अनेकांना ठाऊक असेल, तरी पुन्हा सांगण्याजोगा आहे.

त्या वर्षी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून काही महिन्यांसाठी मायदेशी आले होते. तेथील हिंदी लोकांची गाऱ्हाणी इकडच्या पुढाऱ्यांपुढे मांडावयाची होती. वय सव्वीस. सभेत बोलण्याची त्यांची तोवरची कहाणी फारशी आशादायक नव्हती. विलायतेत शाकाहारी मंडळींच्या एका सभेसाठी ते भाषण लिहून घेऊन गेले, पण वाचू शकले नाहीत. ते दुसऱ्याने वाचले. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न न विचारता ते खाली बसले व घेतलेली तीस रुपये फी त्यांनी परत केली. पुढे प्रिटोरियात व्यापाऱ्यांच्या सभेत मात्र ते चांगले बोलले. तेव्हा भीती गेली, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही.

मुंबईच्या सभेचे अध्यक्ष सर फिरोजशहा मेहता. त्यांनी आदल्या दिवशी विचारले, भाषण तयार आहे ना? गांधीजींचा विचार आयत्या वेळी बोलण्याचा होता. फिरोजशहांनी बजावले की मुंबईत ते चालणार नाही. येथे वृत्तांत नीट छापून येत नाहीत, भाषण रात्रीतून लिहून छापून घेतले पाहिजे. रात्री अकरा वाजता माणूस हस्तलिखित घेण्यास येणार, असे ठरले. सरकारी नोकरीत ज्यांनी विधानसभेच्या प्रश्नोत्तरांसाठी रात्री जागविल्या आहेत, त्यांना या अकरा वाजण्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

२६ सप्टेंबर १८९६. सभागृह भरलेले, हातात छापील भाषण, आणि गांधीजी कापू लागले. फिरोजशहा शेजारून धीर देत होते, मोठ्याने बोला, आणखी मोठ्याने. त्या धीराचा परिणाम उलटा झाल्याचे गांधीजींनी स्वतःच नमूद केले आहे. आवाज चढण्याऐवजी उतरतच गेला. येथे आमच्या मंचावरची ती मुलगी मला आठवली, हे उघड आहे.

तेव्हा त्यांचे जुने स्नेही केशवराव देशपांडे पुढे झाले. हे केशवराव म्हणजे ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाचे संपादक. १८९३-९४ मध्ये अरविंद घोषांची गाजलेली लेखमाला त्यांनीच छापली होती. त्यांनी भाषण हाती घेतले. त्यांचा आवाज अशा सभेस योग्य होता, असे गांधीजी म्हणतात. परंतु श्रोत्यांनी त्यांनाही ऐकून घेतले नाही. सभागृहात आरोळी उठली, ‘वाचा, वाचा!’ ही आरोळी होती दिनशा वाच्छांच्या नावाची. त्यांचे नाव इंग्रजीत जसे लिहीत तसेच वाचले, तर आपल्या कानाला ती आज्ञाच वाटते, आणि ज्याची वाचा गेली आहे अशा माणसासमोर ती आरोळी उठावी हा योगायोग मराठी माणसालाच कळेल. दिनशा उठले, भाषण वाचले, आणि सभा शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिली. टाळ्याही झाल्या आणि अन्यायाच्या जागी धिक्कारही.

फिरोजशहांना केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. भाषण छापून घेण्याचा आग्रह त्यांचाच होता, आणि ते छापलेले होते म्हणूनच दुसऱ्याच्या हाती देता आले. गांधीजी आयत्या वेळी बोलावयास उभे राहिले असते तर त्या सायंकाळी आफ्रिकेतील हिंदी लोकांची बाजू मांडावयास कोणीच उरले नसते. कागद हाती असणे ही दुर्बलता मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला पटत नाही.

नामदार गोखल्यांकडे पाहा. त्यांच्या वक्तृत्वाची एवढी कीर्ती; पण ते इंग्रजी उतारेच्या उतारे पाठ करून घडलेले होते. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांनी पहिले अंदाजपत्रकावरील भाषण केले. शिलकी अंदाजपत्रकाबद्दल सरकारचे अभिनंदन न करता, ही शिल्लक म्हणजे गरीब रयतेवरील जादा कराचा पुरावा होय, असे सांगणारे ते भाषण. त्यामागे गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुरविलेल्या आकड्यांचे पाठबळ होते. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती चालविणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. वक्तृत्वाला उत्तेजन लागते, हे त्या पिढीला माहीत होते.

आता डिसेंबर १९०१, कलकत्त्याची काँग्रेस. विषय नियामक समितीचे काम रात्री अकरापर्यंत चालले. गांधीजींचा आफ्रिकेविषयीचा ठराव राहून जाणार, अशी लक्षणे दिसू लागली. गोखल्यांनी आठवण करून दिली. फिरोजशहांनी गोखल्यांनाच विचारले, तुम्ही ठराव पाहिला आहे काय? पाहिला आहे, चांगला आहे, असे उत्तर मिळताच, मग येऊ द्या, असे झाले. गांधीजींनी तो कापत कापत वाचला आणि गोखल्यांनी पाठिंबा दिला. मोठ्याने बोला, असे या वेळी कोणी म्हटले नाही.

खुल्या अधिवेशनात पुन्हा डोके गरगरले. आफ्रिकेत कमावलेली बोलण्याची सवय जणू त्या क्षणी त्यांना सोडून गेली. पाच मिनिटांची मुदत होती. घंटा वाजली, आणि ती दोन मिनिटे उरल्याची सूचना आहे हे ठाऊक नसल्याने दुखावलेल्या मनाने ते तत्काळ खाली बसले. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष आणि घंटा वाजविणारे गृहस्थ दिनशा वाच्छाच होते! काँग्रेस संपल्यावर गांधीजी महिनाभर कलकत्त्यातच गोखल्यांकडे राहिले. आपल्या भोपाळात १९२९ च्या सप्टेंबरात जाहीर सभेत रामराज्याविषयी बोलणारे गांधीजी हेच.

आपल्या समाजातील सभाकंप थोडा निराळा आहे, हे मान्य केले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून पुष्कळ कुटुंबे येथे आली, काही ग्वाल्हेर-इंदूरहून आली. आमच्या घरी नागपुरी बोलली जाई, शेजारी ग्वाल्हेरकर, समोर माळवी वळणाचे इंदूरकर. तात्या टोपे नगरच्या क्वार्टरांतून या तिन्ही मराठी हिंदीच्या सहवासात नांदल्या. आमच्या मुलांना भीती गर्दीची नसते. शाळेत ती हिंदीतून निर्धास्तपणे बोलतात. भीती असते ती आपल्याच माणसांपुढे आपली भाषा चुकण्याची. पुण्या-मुंबईचा पाहुणा समोर असला की आम्ही मोठी माणसेदेखील वाक्य जुळवून बोलतो, हे खाजगीत सर्व कबूल करतील.

त्या मुलीचा कागद मी घरी आणला होता. परत द्यावा असे मनात होते, राहून गेले. दोन पाने, बहुधा आजोबांच्या अक्षरात. मध्ये मध्ये तिने स्वतः पेन्सिलीने थांबण्याच्या खुणा केल्या आहेत. ‘टिळक’ हा शब्द सात वेळा आला आहे आणि प्रत्येक ळ खाली तिने रेघ ओढली आहे.