जालन्याचा डॉक्टर आणि हाताने रंगविलेले पक्षी

दिवाळीत अंगणात रांगोळी काढताना एकीने रेघ ओढावी आणि दुसरीने रंग भरावेत, ही आपल्या घरोघरची रीत. दीड-दोनशे वर्षांपूर्वी पक्ष्यांची चित्रमय पुस्तके जवळजवळ अशाच रीतीने तयार होत, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल.

त्या काळी रंगीत छपाई सोपी नव्हती. चित्रकार पक्षी काढी. कारागीर तेच चित्र पोलादी कोरणीने तांब्याच्या पत्र्यावर उलटे कोरी. कोरलेल्या रेघांत शाई भरून, पत्रा पुसून, त्यावर ओलसर कागद दाबला की काळी आकृती उमटे. पुढचे काम रंगाऱ्यांचे. समोर रंगविलेला नमुना ठेवायचा आणि त्याबरहुकूम एकेका प्रतीवर पाण्याच्या रंगांचा हात फिरवायचा. शंभर प्रती काढायच्या तर शंभर वेळा मोराची मान निळी करायची! पुढे शिळाछाप आला. तांब्याऐवजी दगडावर तेलकट खडूने चित्र काढू लागले. रंग मात्र हातानेच भरले जात.

या कथेचा एक धागा आमच्या बीड जिल्ह्याच्या शेजारी येऊन पोहोचतो. उत्तरेस गोदावरी ओलांडली की जालना. थॉमस जर्डन नावाचा तरुण डॉक्टर १८३६ साली कंपनीच्या नोकरीत मद्रासला आला आणि घोडदळाच्या पलटणीबरोबर १८३७ मध्ये जालन्याच्या छावणीत दाखल झाला. तेथे तो चारेक वर्षे राहिला. औषधपाणी सांभाळून पक्षी गोळा करण्याचा त्याला भारी नाद. आपल्याजवळच्या पक्ष्यांची ओळख पटावी म्हणून त्याने ते स्कॉटलंडमधील जाणकार जार्डिन यांच्याकडे जहाजाने पाठविले. परंतु तेथे पोहोचेपर्यंत त्यांना कसर लागली होती! तेव्हापासून त्याने स्वतःच्याच पारखीवर भरवसा ठेवला. १८३९-४० मध्ये त्याची पक्ष्यांची यादी मद्रासच्या नियतकालिकात आली. तीत ४२० जाती होत्या. त्यापूर्वी दख्खनचे पक्षी नोंदविणाऱ्या कर्नल साइक्सच्या यादीच्या ही जवळजवळ दुप्पट.

मग १८४३ ते १८४७ या काळात मद्रासहून त्याचे पन्नास चित्रांचे पुस्तक निघाले. त्यातली बहुतेक चित्रे इथल्याच चिताऱ्यांच्या हातची. कातडी कसरीने खाल्ली, तरी चित्रातला पक्षी टिकला. जर्डनचे नावही टिकले. एक धाविक आणि एक चंडोल आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. पण पिसामागून पीस रंगविणाऱ्या त्या चिताऱ्यांची आणि रंगाऱ्यांची नावे आज कितीजणांना ठाऊक आहेत?

याहून मोठी हळहळ निराळीच आहे. पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला साद घालणारा तणमोर आज अतिसंकटग्रस्त ठरला आहे. गवताची माळराने नांगराखाली गेली आणि त्याचे घर मोडले. केवळ चित्रातच उरण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

सुदैवाने पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मोरांसाठी १९९४ पासून अभयारण्य आहे. फराळ आटोपला की मुलांना घेऊन अवश्य जावे. बरोबर कागद आणि रंगपेटी असू द्यावी. मोराच्या मानेचा निळा कोठे संपतो आणि हिरवा कोठे सुरू होतो, हे रंगवू लागल्यावरच नीट दिसते.